संध्याताईंनी आधीच ठरवलेली सकाळ

माझे भाऊजी अनंतराव पैठणच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण अनसूया, त्यांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडं राहायला आली. माझं घर पुंडलिकनगरात, आणि तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे. आठवड्यातून तीनदा भाऊजींना तिथं न्यायचं, आत यंत्राला जोडलं की बाहेर बाकड्यावर बसून राहायचं, हे माझं काम झालं. संध्या गव्हाणे यांची आणि माझी ओळख त्या बाकड्यावरची.

त्या केंद्राच्या व्यवस्थापक. पन्नाशीच्या अलीकडच्या, पण त्यांच्याहून मोठे पेशंटसुद्धा त्यांना संध्याताईच म्हणतात. आवाज बारीक, चालणं मात्र झपाट्याचं. बाहेर कुणी नवा चेहरा दिसला की शेजारी येऊन टेकायच्या आणि पेशंट कोण, गाव कोणतं, भाजीत मीठ किती, हे गप्पांच्या ओघात काढून घ्यायच्या. गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या. बारावी झाली तेव्हा घरचे स्थळं बघत होते. मामानं मध्ये पडून त्यांना शहरात आणलं आणि डायलिसिस टेक्निशियनच्या कोर्सला घातलं. पुढं कितीतरी वर्षं त्यांनी सुया टोचल्या, नळ्या जोडल्या, आणि हळूहळू विभाग चालवण्याची जबाबदारी त्यांच्याकडं येत गेली.

त्यांच्यावर खरी वेळ आली ती इथं नव्हे, दुसऱ्या एका शहरात. तिथल्या मोठ्या खासगी रुग्णालयात त्या डायलिसिस विभाग सांभाळत होत्या. एका सकाळी सगळे कॉम्प्युटर कुलूप लावल्यासारखे झाले. कुठलीच फाइल उघडेना. पडद्यावर एकच मजकूर: तुमची माहिती आमच्या ताब्यात आहे, हवी असेल तर पैसे द्या.

"आधी कुणाला काही कळलंच नाही," संध्याताई मला सांगत होत्या. "प्रत्येकाला वाटलं, आपलंच मशीन बिघडलंय. जो तो बंद करून परत चालू करत बसला. तोवर ते सगळीकडं पसरलं."

बिलं करणाऱ्या एका कारकुनाच्या लक्षात ते सगळ्यात आधी आलं होतं. पण आपण काल एक नको ती फाइल उघडली, आता नोकरी जाणार, या धास्तीनं तो दुपारपर्यंत गप्प बसला. कुणीतरी घाईघाईनं बॅकअपची डिस्क आणून त्याच कॉम्प्युटरला जोडली, आणि त्या डिस्कवरचंही सगळं गेलं. मोठे डॉक्टर परगावी होते. मालक फोन उचलत नव्हते. सगळं बंद करा, हे म्हणायचा अधिकार नक्की कुणाचा, यावरच अर्धी सकाळ संपली.

डायलिसिसची यंत्रं चालू होती, कारण ती आपली आपण चालतात. पण कुठल्या पेशंटच्या अंगातून किती पाणी काढायचं, हा हिशेब कॉम्प्युटरमध्ये अडकलेला. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठत जातं. ते काढल्यावर त्याचं जे वजन राहायला हवं, त्याला ही मंडळी ड्राय वेट म्हणतात. तो आकडा माहीत नसेल तर सगळा अंदाजाचा कारभार. त्या दिवशी कडुबा नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पाणी अंदाजानं काढलं गेलं आणि ते जास्त निघालं. त्यांचा रक्तदाब एकदम उतरला, पलंगावरच शुद्ध हरपली.

"दोन दिवस आयसीयूत राहून वाचले ते," संध्याताई म्हणाल्या. "वाचले म्हणून तुम्हाला सांगते तरी आहे."

त्या कारकुनाला कामावरून काढलं. संध्याताईंना ते पटलं नाही. "त्याचं चुकलं, हे खरंच. पण असं काही दिसलं तर कुणाकडं धावत जायचं, हे त्याला कुणी सांगितलं होतं? मला तरी कुणी सांगितलं होतं? एवढं मोठं हॉस्पिटल, पण त्या दिवशी काय करायचं हे कुणीच ठरवून ठेवलं नव्हतं."

नवऱ्याची बदली झाली म्हणून त्या संभाजीनगरला परत आल्या आणि या केंद्रात लागल्या. ट्रस्टचे अध्यक्ष काकासाहेब. पैठण रस्त्याला त्यांची मोसंबीची बाग आहे, आणि वडिलांच्या माघारी त्यांनी हे केंद्र काढलं. किडनीचे डॉक्टर हिमांशू पाठक रोज येतात. या दोघांबरोबरच्या पहिल्याच बैठकीत संध्याताईंनी विचारलं, "उद्या सकाळी आपले कॉम्प्युटर उघडलेच नाहीत, तर आपण काय करणार आहोत?"

काकासाहेब हसले. "आपल्यावर कोण हल्ला करील, ताई? आपल्याकडं हाय काय? पलंग अन् नळ्या."

"ते नाव बघून येत नाहीत, काकासाहेब. हजार दारं ढकलून बघतात. जे उघडतं, त्यात शिरतात."

डॉक्टर म्हणाले, "अँटिव्हायरस आहे की आपल्याकडं. प्रणय बॅकअपसुद्धा घेतो." प्रणय म्हणजे केंद्राच्या कॉम्प्युटरचं बघणारा माणूस. निराला बाजारात त्याचं छोटं ऑफिस आहे.

"कुलूप आहे ते चांगलंच आहे," संध्याताई म्हणाल्या. "पण चोर आत शिरला तर घरातल्यांनी काय करायचं, ते आपण ठरवलेलं नाही." आणि मग त्यांनी कडुबांची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शेवटपर्यंत उचलला नाही.

काकासाहेब खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "मोटर जळाली तर बागंला पाणी कुठून द्यायचं, ते आम्ही उन्हाळा लागायच्या आधी ठरवतो. जळाल्यावर नाय ठरवत. करा तुम्ही, लागंल ते करा."

पुढचे काही महिने हे काम चाललं. प्रणय सुरुवातीला जरा नाराज होता. त्याला वाटलं, आपल्या कामावर शंका घेतायत. संध्याताईंनी त्याला एवढंच म्हटलं, "घेतलेला बॅकअप एकदा परत भरून दाखव ना." त्यानं भरायला घेतला आणि निम्म्या फायली उघडल्याच नाहीत. वर डिस्क कायम त्याच कॉम्प्युटरला जोडलेली. म्हणजे हल्ला झाला असता तर तीही गेली असती. प्रणय मोकळ्या मनाचा माणूस. "बरं झालं, आजच कळलं," म्हणाला आणि स्वतःच कामाला लागला. तेव्हापासून डिस्क रोज संध्याकाळी काढून लोखंडी कपाटात जाते, आणि महिन्यातून एकदा तो ती उघडून तपासतो.

खरा वाद झाला तो अधिकारावरून. डॉक्टर म्हणाले, "मला विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही." संध्याताईंनी विचारलं, "आणि तुम्ही ऑपरेशनमध्ये असाल तर?" डॉक्टरांनी विचार केला आणि स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे. मग जो समोर असेल त्यानं आधी कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढावी, नंतर मला सांगावं. चुकून काढली तरी हरकत नाही." आणखी एक गोष्ट त्यांनीच घातली. पेशंटच्या ड्राय वेटबद्दल शंका असली तर त्या दिवशी पाणी कमी काढायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. पोलिसांना आणि सरकारच्या सायबर विभागाला प्रणयनं कळवायचं, तेही ताबडतोब, कारण कायद्यानं त्याला फक्त सहा तासांची मुदत आहे. पैसे मागणाऱ्याशी कुणीही बोलायचं नाही. बाहेर काय सांगायचं ते फक्त काकासाहेब सांगतील. आणि ज्याच्या हातून काही चुकलं त्यानं लगेच सांगितलं, तर त्याला कुणी एका शब्दानं बोलणार नाही. हे शेवटचं कलम काकासाहेबांनी सगळ्या माणसांसमोर, मोठ्यानं, दोनदा म्हणून दाखवलं.

मग एका बुधवारी संध्याताईंनी मुद्दाम सगळे कॉम्प्युटर बंद ठेवले आणि कागदावर काम करून बघितलं. पार गोंधळ उडाला. पेशंटचे फोन नंबरच बंद कॉम्प्युटरमध्ये होते. वेरूळहून येणाऱ्या चतुराबाई त्या दिवशी तासभर खोळंबल्या आणि चिडल्या. "चांगलं चालतंय तर नाटकं कशाला करता?" पण त्या नाटकातून बरंच सुचलं. प्रत्येक पेशंटच्या पिशवीत एक पांढरं कार्ड आलं, त्यावर त्याचं ड्राय वेट आणि औषधं. दर आठवड्याला ते नवं करून मिळायचं. फोन नंबर छापून भिंतीवरच्या कपाटात गेले. दुसऱ्या वेळी काम बरंच सुरळीत झालं, तिसऱ्या वेळी कुणाला फारसं जाणवलंही नाही.

भाऊजींचं डायलिसिस सुरू झालं ते यानंतर बऱ्याच दिवसांनी. त्यांचा दुसराच आठवडा, सोमवारची सकाळ. भाऊजींना आत पलंगावर सोडून मी आणि अक्का नुकतेच बाकड्यावर बसलो होतो. समोर काउंटरवर करुणा होती. ती तिथली रिसेप्शनिस्ट, एका लहान मुलीची आई, कायम हसतमुख. ती पडद्याकडं बघत बघत उभी राहिली. तिनं वाकून मागची निळी वायर ओढून काढली, शेजारच्या कॉम्प्युटरचीही काढली आणि मग हाक मारली, "संध्याताई, जरा या." आवाज कापत होता, पण मोठा होता.

संध्याताई आल्या. पडद्यावरचा मजकूर त्यांनी वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तो क्षणभर पार उतरला.

"ताई, शनिवारी एक मेल आला होता," करुणा म्हणाली. "नळ्या पुरवणाऱ्या कंपनीचं बिल म्हणून. मी उघडलं. त्यात काहीच नव्हतं. मला वाटलं, चुकून आलं असेल."

संध्याताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस सांगितलंस. प्रणयला हे पहिलं पाहिजे असतं. आता फोन लाव त्याला."

एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. आतल्या टेक्निशियननी उरलेल्या वायरी काढल्या, पडदे बंद केले, कपाटातून छापील कागद आले, आणि पहिल्या पाळीची माणसं आपापली पांढरी कार्डं पुढं करू लागली. काळीपिवळी जीपमधून उतरून चतुराबाई आत आल्या. काळे पडदे बघून त्यांनी विचारलं, "आज नाटक हाय का खरं?"

"खरं आहे, मावशी," संध्याताई म्हणाल्या.

"मग नाटकात करत होतात तसंच करा," असं म्हणून त्यांनी कार्ड काढून दिलं आणि वजनकाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि करुणाच्या चेहऱ्यावरही जरा रंग आला.

अडलं ते आमच्यापाशी. भाऊजी नवे. त्यांचं ड्राय वेट अजून ठरत होतं, म्हणून कार्ड तयार झालं नव्हतं. शनिवारी काय आकडा धरला होता, ते फक्त कॉम्प्युटरला माहीत. संध्याताईंना कडुबा आठवले असणार, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की त्या भाऊजींच्या पलंगापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि डॉक्टर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. यंत्र जोडू दिलं नाही.

डॉक्टर पाठक आले तेव्हा त्यांना सगळं फोनवर कळलेलं होतं. त्यांनी भाऊजींचे पाय दाबून बघितले, मानेची शीर बघितली, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. अक्काला विचारलं, "काल पाणी किती प्यायले? रात्री उशा किती लागल्या? चप्पल घट्ट होते का?" अक्कानं एकेक उत्तर नीट दिलं. मग डॉक्टर म्हणाले, "शंका आहे, म्हणून आज थोडंच काढू. उद्या परत या. आपलं तसं ठरलेलंच आहे."

भाऊजी म्हणाले, "म्हणजे अंदाजे उत्तर."

"हो. पण चुकलंच तर सुरक्षित बाजूला चुकेल."

संध्याताईंनी खुर्ची ओढली आणि तिथं बसल्या. थोड्या थोड्या वेळानं रक्तदाबाचा पट्टा स्वतः बांधत होत्या. सगळं संपेपर्यंत आकडा उतरला नाही. नळ्या काढल्यावर भाऊजींनी विचारलं, "डॉक्टर, जमलं का गणित?" डॉक्टर म्हणाले, "उत्तीर्ण." संध्याताई उठल्या, बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या माठातलं पाणी दोन पेले प्यायल्या. मग भिंतीला टेकून जरा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या.

दुपारपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर अफवा आलीच: डायलिसिस बंद, पेशंटना घरी पाठवलं. पण त्याआधीच करुणानं छापील नंबरांवरून पुढच्या पाळ्यांच्या पेशंटना फोन केले होते, तेव्हा ती अफवा फार चालली नाही. एका बातमीदाराचा फोन आला तो काकासाहेबांकडं वळवला. काकासाहेब त्याला म्हणाले, "यंत्रं चालू हायेत, पेशंट बरे हायेत, पोलिसांना कळवलंय. बाकी कळल्यावर मीच फोन करतो." आणि त्यांनी खरंच नंतर केला.

तेच काकासाहेब मंगळवारी मात्र उतावीळ झाले. "डिस्क हाय ना कपाटात? मग लावा की. कशाला थांबायचं?"

संध्याताई म्हणाल्या, "कॉम्प्युटर पुरते साफ झाल्याशिवाय नाही. तिकडं तेच झालं होतं."

"व्हय व्हय," काकासाहेब म्हणाले. "ठरलंय तसंच करा. मी मोसंब्या बघतो माझ्या."

प्रणय आणि त्याची दोन माणसं एकेक कॉम्प्युटर पुसून नव्यानं उभा करत होती. घुसलेला माणूस कुठून आला, कुठपर्यंत पोचला, हे करुणानं सांगितलेल्या त्या मेलवरून लवकर सापडलं. ती संध्याकाळपर्यंत गप्प बसली असती तर यंत्रांच्या देखभालीची आणि औषधांच्या साठ्याची माहितीही गेली असती, असं प्रणयनं मला सांगितलं. गुरुवारी डिस्क जोडली आणि नोंदी एकामागून एक उघडल्या. भाऊजींचीही उघडली. डॉक्टरांच्या अंदाजात आणि त्या आकड्यात अर्ध्या किलोचाही फरक नव्हता. अक्का ऐकून खुर्चीवर बसलीच, आणि मग डोळे पुसत हसायला लागली.

सगळंच सुखरूप सुटलं असं नाही. पेशंटची काही माहिती बाहेर गेली का, हे प्रणयला छातीठोकपणे सांगता येईना. मग संध्याताईंनी प्रत्येक पेशंटला समोर बसवून सांगितलं, की तुमचं नाव, नंबर चोरीला गेले असण्याची शक्यता आहे. कुणी फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका, आम्हाला कळवा. काही नातेवाईक रागावले. संध्याताईंनी ऐकून घेतलं. चतुराबाई म्हणाल्या, "माझं वजन चोरून काय करणार मेले?" उपचाराचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेचे राहिलेले कागद भरता भरता पुढचे दोन आठवडे ऑफिसची माणसं वैतागली. आणि नव्या पेशंटला पहिल्याच दिवशी कार्ड मिळालं पाहिजे, भले त्यावर आकडा कच्चा असेना, हे आमच्यावरून त्यांना कळलं. शनिवारच्या बैठकीत कुणाचं काय चुकलं यापेक्षा हे असलंच बोलणं जास्त झालं. चहा करुणानं केला, आणि मेल कसा होता, त्यात संशय येण्यासारखं काय होतं, हे तिनंच सगळ्यांना पडद्यावर दाखवलं.

काकासाहेबांनी आनंदानं बागेतून मोसंब्यांची दोन पोती पाठवली, पेशंटना वाटायला. डॉक्टर पाठक कपाळाला हात लावून म्हणाले, "काकासाहेब, यांना मोसंबी विष आहे. त्यातलं पोटॅशियम यांच्या किडनीतून बाहेर पडत नाही." मग ती आम्ही नातेवाइकांनी आणि तिथल्या माणसांनी खाल्ली. पेशंट आमच्याकडं बघून शिव्या घालत होते. भाऊजींनी एक फोड नुसती हुंगली.

परवा संध्याकाळी पुंडलिकनगरच्या भाजीवाल्याकडं संध्याताई भेटल्या. मेथीची जुडी निवडत होत्या. गप्पा चालू असताना त्यांचा फोन वाजला. करुणाचं नाव बघून त्यांचा हात जागीच थांबला. फोन कानाला लावून त्या ऐकत राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अगं, घे ना सुट्टी," त्या म्हणाल्या. "मुलीचं गॅदरिंग आहे तर विचारायचं काय त्यात?"

फोन ठेवून त्यांनी मेथी पिशवीत टाकली आणि भाजीवाल्याला विचारलं, कोथिंबीर ताजी आहे का.